मुंबईचा उकाडा

मुंबईत मे महिन्यात तापमापकातील पारा फार वर चढत नाही. त्यामुळे मुंबईला खरा उन्हाळाच नाही, असे अनेकांना वाटते. हा समज चुकीचा कसा आहे आणि या उकाड्याचा सर्वांत जास्त त्रास कोणाला होतो, याविषयी एका शिक्षिकेने या पाठात आपले मत मांडले आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत माझी खाला, म्हणजे मावशी, मालेगावहून आमच्या घरी येते. मालेगावला त्या दिवसांत पारा बेचाळीस अंशांच्या पुढे गेलेला असतो. ती ज्या दिवशी येते त्या दिवशी वर्तमानपत्रात मुंबईचे तापमान चौतीस अंश असे छापलेले असते. मी गमतीने म्हणते, “खालाजान, आता तुम्ही थंड हवेच्या ठिकाणी आलात.” ती ओढणीने कपाळ पुसत म्हणते, “बेटी, आमच्याकडे ऊन त्रास देते, इथे तर सावलीसुद्धा त्रास देते. घाम येतो तो जातच नाही!”

खाला कधी भूगोल शिकलेली नाही. पण तिने या शहराच्या हवेचे मर्म नेमके ओळखले आहे. घाम येतो तो जात नाही. मुंबईच्या उन्हाळ्याचे सारे दुखणे या एका वाक्यात आहे.

विद्यार्थी मित्रांनो, हे समजून घेण्यासाठी तुमच्या घरातील पाण्याचा माठ आठवा. माठाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून थोडे पाणी झिरपते आणि बाहेर त्याची वाफ होते. वाफ होताना ती माठातील उष्णता घेऊन जाते, म्हणून आतील पाणी गार होते. मालेगावची हवा कोरडी असते. तिथे माठातील पाणी इतके गार होते की दात शिवशिवतात. मुंबईत तोच माठ ठेवला तर पाणी जेमतेम गार होते. समुद्रावरून येणारी हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. तिच्यात आणखी बाष्प सहज मावत नाही. याच कारणामुळे वाळ्याचे पडदे लावलेले कूलर मालेगाव, अकोला, नागपूर या भागांत घरोघरी दिसतात. मुंबईत मात्र त्यांचा फारसा उपयोग होत नाही. वाळा म्हणजे आपण ज्याला खस म्हणतो तो.

आपले शरीरही या माठासारखेच आहे. घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होते. घाम नुसता ओघळत राहिला तर कपडे भिजतात, अंगातील पाणी आणि क्षार कमी होतात, पण शरीर थंड होत नाही. म्हणून मुंबईतील चौतीस अंश आणि मालेगावातील चौतीस अंश हे एक नव्हेत. हवेत सत्तर टक्के आर्द्रता असेल तर चौतीस अंशांची हवा शरीराला चाळीस अंशांपेक्षाही अधिक गरम वाटते. तापमापक खोटे बोलत नाही, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो.

आपल्या भाषांनी मात्र हा फरक केव्हाच टिपला आहे. मराठीत ‘ऊन’ वेगळे आणि ‘उकाडा’ वेगळा. ऊन अंगावर पडते; उकाडा अंधाऱ्या खोलीतही असतो. उर्दूत कोरड्या गरम वाऱ्याला आपण ‘लू’ म्हणतो आणि वारा थांबून जीव गुदमरतो त्या स्थितीला ‘हब्स’ म्हणतो. मुंबईला लूची ओळख कमी, हब्सची जास्त.

आता समुद्राचा विचार करू. समुद्र मुंबईचा मित्र आहे, हे खरे. पाणी जमिनीपेक्षा हळू तापते. दुपारी तापलेल्या जमिनीवरील हवा वर जाते आणि समुद्रावरून तुलनेने थंड वारे शहरात शिरतात. यांना खारे वारे म्हणतात. ते वेळेवर आले तर पारा पस्तिशीच्या आत राहतो. पण मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस पूर्वेकडून, म्हणजे जमिनीकडून, जोराचे कोरडे वारे वाहतात आणि खारे वारे दुपारपर्यंत शहरात शिरू शकत नाहीत. मग पारा एकदम चढतो. सांताक्रूझ येथील वेधशाळेत २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. म्हणजे मुंबईत पारा चढतच नाही, हेही खरे नाही.

रात्री मात्र हाच मित्र आपल्याला सोडत नाही. कोरड्या प्रदेशात सूर्य मावळला की जमीन लवकर निवते आणि पहाटे गारवा जाणवतो. मुंबईत मे महिन्यात रात्रीचे तापमानही साधारणपणे सत्तावीस अंशांच्या आसपासच राहते. दमट हवा उष्णता धरून ठेवते. दिवसभर शिणलेल्या शरीराला रात्री विश्रांती हवी असते. ती मिळाली नाही, तर दुसरा दिवस थकव्यानेच सुरू होतो.

या ठिकाणी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. इंग्रजीच्या पुस्तकात आपण ‘समर’ हा शब्द वाचतो तेव्हा हिरवी कुरणे, फुले आणि प्रसन्न ऊन यांची वर्णने येतात. युरोपात २१ जूनच्या सुमारास उन्हाळ्याचा मध्य मानतात. मुंबईत २१ जूनला आपण छत्री घेऊन शाळेत येतो! मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य आपल्या माथ्यावर वर्षातून दोनदा येतो. एकदा मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली काठीच्या पायथ्याशीच नाहीशी होते. मे महिन्यात हा प्रयोग तुम्ही गच्चीवर करू शकता. जुलैत मात्र ढग बहुधा सूर्य दिसूच देत नाहीत.

जून महिन्यात नैर्ऋत्येकडून पाऊस घेऊन येणाऱ्या वाऱ्यांना मराठीत ‘मोसमी वारे’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘मौसिम’ या शब्दापासून आला. तोच आपल्या उर्दूतील ‘मौसम’. अरब खलाशी या वाऱ्यांच्या आधारे अरबी समुद्र ओलांडून आपल्या बंदरांत येत. पुढे तोच शब्द पोर्तुगिजांच्या मार्फत इंग्रजीत गेला आणि ‘मान्सून’ झाला. एक वारा आणि एक शब्द, पण त्याने किती किनारे जोडले!

मोसमी पाऊस मुंबईत येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. पण निसर्ग आपले वेळापत्रक पाळतोच असे नाही. २०२५ साली पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. पाऊस आला की उकाडा संपतो आणि आपण सुटकेचा श्वास घेतो. मात्र तोच पाऊस कधी संकट होऊन येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता. मी तेव्हा शाळेत शिकत होते. आम्ही काही मुलींनी ती रात्र वर्गातील बाकांवर बसून काढली. त्या दिवसांतील पुरात आणि दरडी कोसळून महाराष्ट्रात एक हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर मुंबईचे लोक पावसाचा इशारा गंभीरपणे घेऊ लागले. उष्णतेचा इशारा मात्र आपण अजून तितक्या गंभीरपणे घेत नाही. असे का होते, याचा मी पुष्कळ विचार केला. पुराचे पाणी डोळ्यांना दिसते. उकाडा दिसत नाही. पुरात गाड्या बंद पडतात. उकाड्यात माणसे बंद पडतात, आणि तीही आपापल्या घरात.

हे मला एका विद्यार्थ्याने शिकवले. मी ज्या शाळेत शिकवते तेथील आठवीतला तो मुलगा. त्याचे नाव मी येथे सांगत नाही. एप्रिल महिना होता. शाळा सकाळच्या सत्रात भरत होती. हा मुलगा रोज पहिल्याच तासाला डुलक्या घेत असे. एके दिवशी मी सगळ्या वर्गासमोर त्याला उभे केले आणि म्हणाले, “रात्रभर मोबाईल बघत बसतोस, आणि झोपायला शाळेत येतोस काय?” वर्ग हसला. तो मान खाली घालून उभा राहिला. एक शब्दही बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात पालकसभेला त्याच्या घरचे कोणी आले नाही, म्हणून मी स्वतः त्याच्या घरी गेले. अरुंद गल्लीत, लोखंडी शिडीने वर चढून जावे लागे अशी माळ्यावरची एक खोली. वर पत्रा. त्या खोलीत सहा माणसे राहत होती. संध्याकाळचे सात वाजले होते, सूर्य मावळला होता, तरी पत्र्यातून आच येत होती. पंखा फिरत होता, पण तो गरम हवाच खाली ढकलत होता. त्याचे वडील बेकरीत भट्टीवर काम करतात. ते कामावर गेले होते. त्याच्या आईने मला पाणी दिले आणि संकोचाने म्हणाली, “टीचर, माफ करा, सभेला येता आले नाही. आणि हा वर्गात झोपतो, ते मला माहीत आहे. पण काय करणार? रात्री दोन-तीन वाजेपर्यंत आत झोपताच येत नाही. हा खाली ओट्यावर जाऊन बसतो. मुलींना बाहेर बसता येत नाही. त्या बिचाऱ्या आतच तळमळत राहतात.”

मी काय बोलणार? बी.एड.च्या वर्गात आम्हाला शिकवले होते की अध्यापन करताना ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. मला मात्र माझ्या विद्यार्थ्याबद्दल काहीच ज्ञात नव्हते. दुसऱ्या दिवशी मी त्याच वर्गासमोर त्याची माफी मागितली. त्या दिवसापासून एप्रिल-मे महिन्यांत एखादे मूल वर्गात डुलकी घेऊ लागले की मी आधी विचारते, “बाळ, रात्री झोप लागली का?”

तेव्हापासून माझे असे ठाम मत झाले आहे की, उन्हाळा सर्वांसाठी सारखा नसतो. वेधशाळेचा आकडा सर्व शहरासाठी एकच असतो, पण त्या आकड्याखाली राहणारी माणसे वेगवेगळ्या हवेत राहतात. समुद्रकिनाऱ्यावरच्या झाडांनी वेढलेल्या इमारतीत एक हवा असते आणि पत्र्याच्या खोलीत दुसरी. भट्टीसमोरचा कामगार, हातगाडी ओढणारा, रस्ता खणणारा, नाक्यावर उभा असलेला वाहतूक पोलीस, बंद खोलीत स्वयंपाक करणारी आई यांचे तापमान कोणत्याही वर्तमानपत्रात छापून येत नाही.

काही जण म्हणतील, “मुंबई पूर्वीपासून अशीच आहे. आपले वाडवडील इथे राहिलेच ना?” हे म्हणणे अर्धवट आहे. पूर्वीच्या घरांवर मंगलोरी कौले असत, छत उंच असे, पुढे व्हरांडा आणि मागे झाडे असत. आज दाटीवाटीने उभ्या असलेल्या इमारतींतून वारा फिरत नाही. सिमेंट आणि डांबर दिवसभर उष्णता शोषतात आणि रात्री ती हळूहळू बाहेर सोडतात. भोवतालच्या मोकळ्या प्रदेशापेक्षा शहर अधिक तापते, म्हणून शास्त्रज्ञ अशा शहराला ‘उष्णतेचे बेट’ म्हणतात. त्यातच साऱ्या पृथ्वीचे तापमान वाढत आहे. वाडवडिलांच्या वेळची मुंबई आणि आजची मुंबई एक नाही.

दुसरे काही जण म्हणतील, “घरोघरी वातानुकूलन यंत्रे आली की प्रश्न सुटेल.” ज्यांना ते परवडते त्यांना मी दोष देत नाही. आजारी माणसांना आणि वृद्धांना त्याची गरजही असते. पण हे यंत्र खोलीतील उष्णता नाहीशी करत नाही. ती बाहेर गल्लीत टाकते. एकाची खोली थंड होते तेव्हा शेजाऱ्याची खिडकी तापते. ज्या घरात विजेचे बिल भरतानाच ओढाताण होते, तेथे हा उपाय पोहोचणारही नाही.

आणखी काही जण उकाडा फक्त त्रासदायक आहे, धोकादायक नाही, असे समजतात. त्यांनी एप्रिल २०२३ ची घटना आठवावी. १६ एप्रिल रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर एक मोठा समारंभ झाला. लाखो लोक तासन्‌तास उन्हात बसले होते. उष्माघाताने चौदा माणसे दगावली. त्या दिवशी परिसरातील तापमान अडतीस अंशांच्या आसपास होते. नागपूरच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण भारतीय हवामान विभागाने उष्णतेची लाट ठरवताना मैदानी प्रदेशासाठी चाळीस अंशांची आणि किनारपट्टीसाठी सदतीस अंशांची मर्यादा धरली आहे, ती उगीच नव्हे. किनाऱ्यावर धोका लवकर सुरू होतो.

मग काय करायला हवे? माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे उष्णतेला आपत्ती मानणे. २०१० साली अहमदाबादला उष्णतेच्या लाटेचा मोठा तडाखा बसला. त्यानंतर २०१३ मध्ये तेथे उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार झाला. लोकांना आधीच इशारा देणे, दवाखान्यांना सज्ज ठेवणे, पिण्याच्या पाण्याची सोय करणे आणि गरीब वस्त्यांतील छतांना पांढरा रंग देणे अशी साधी कामे तेथे झाली. पांढरा रंग ऊन परतवतो, त्यामुळे खोली कमी तापते. मुंबईचाही हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. आराखडा कागदावर असणे ही सुरुवात आहे. तो पत्र्याच्या खोलीपर्यंत पोहोचला की काम झाले असे म्हणता येईल.

दुसरी गोष्ट पाण्याची आणि सावलीची. आपल्याकडे सबील लावण्याची परंपरा आहे, मराठीत तिला पाणपोई म्हणतात. जुन्या मुंबईत दानशूर लोकांनी माणसांसाठी आणि जनावरांसाठी दगडी प्याव बांधले होते. त्यांतील कित्येक आज कोरडे आहेत. तहानलेल्याला पाणी देणे हे पुण्याचे काम आहे, यात शंका नाही. पण एवढ्या मोठ्या शहरात ते केवळ दानावर सोपवून चालणार नाही. रस्त्यावर दिव्याचा खांब जसा असतो, तसा पिण्याच्या पाण्याचा नळ आणि झाडाची सावलीही असायला हवी. मेहनतीची कामे भर दुपारी थांबवून सकाळी आणि संध्याकाळी करता येतील. यासाठी कामगारांनी विनवणी करण्याची वेळ येऊ नये. तसा नियम असावा आणि तो पाळला जावा.

तुम्ही विद्यार्थीही पुष्कळ करू शकता. दुपारी बारा ते तीन उन्हात खेळू नका. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. लिंबू, मीठ व साखर घातलेले पाणी किंवा ताक घ्या. कोणाला चक्कर आली, अंग तापले आणि तो असंबद्ध बोलू लागला, तर त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या कापडाने अंग पुसा आणि वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका; ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. आणि एक छोटे काम मी तुम्हाला देते. एक साधा तापमापक मिळवा. शाळेत, घरात आणि एखाद्या झाडाखाली, दुपारी दोन वाजता आणि रात्री दहा वाजता तापमान मोजा. आठवडाभर वहीत लिहा. तुमच्या वहीतील आकडे आणि वर्तमानपत्रातील आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा.

आमच्या वर्गाने हा प्रयोग केला. त्या मुलाच्या खोलीतील आकडा सर्वांत मोठा आला. मागे त्याला हसणारी मुले तो आकडा पाहून गप्प झाली. मग त्यांच्यापैकीच काही जणांनी वर्गणी काढली आणि रविवारी जाऊन त्याच्या आणि शेजारच्या दोन घरांच्या पत्र्यावर पांढरा चुना लावला. वर्गात आल्यावर मी त्याला विचारले, “काही फरक पडला का?” तो म्हणाला, “टीचर, थोडासा. पण काल बहिणी बाराच्या आधी झोपल्या.”

पावसाने तो चुना धुऊन जाईल, हे मला माहीत आहे. पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा लावावा लागेल. मुलांनी लावला त्याचा मला अभिमान आहे. पण तो मुलांनाच लावावा लागू नये, एवढे मोठ्या माणसांच्या शहराने पाहिले पाहिजे.

स्वाध्याय

१. मालेगावात माठातील पाणी अधिक गार का होते?
२. ‘ऊन’ आणि ‘उकाडा’ या दोन शब्दांतील फरक पाठाच्या आधारे सांगा.
३. लेखिकेने विद्यार्थ्याची माफी का मागितली?
४. ‘उन्हाळा सर्वांसाठी सारखा नसतो’ या मताशी तुम्ही सहमत आहात का? आठ-दहा ओळींत लिहा.
५. ‘मौसम’, ‘हवा’, ‘बंदर’ यांसारखे उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे पाच शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.